निवडणूक आयोगाचे जुने निकाल अभ्यासाला कितपत पुरतात? सांगोला मतदारसंघावर घेतलेली चाचणी

भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर विधानसभेच्या जुन्या सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल फुकट उतरवून घेता येतात. पत्रकार, राज्यशास्त्राचे विद्यार्थी, तालुक्याच्या राजकारणात रस असलेले कार्यकर्ते, सगळे शेवटी याच अहवालांपाशी येतात. हे परीक्षण त्या सेवेचे आहे आणि ते एका प्रश्नापुरते आहे: एखाद्या मतदारसंघाचा पहिल्यापासून आजपर्यंतचा इतिहास या अहवालांमधून बिनचूक उभा करता येतो का?

निकाल आधीच सांगतो. एखादा आकडा हवा असेल तर सेवा उत्तम आहे. इतिहास हवा असेल तर ती अपुरी आहे, आणि नेमकी कुठे अपुरी आहे हे ती स्वतः सांगत नाही. म्हणून वापरणाऱ्याने ते आधी माहीत करून घ्यावे.

चाचणीसाठी सोलापूर जिल्ह्यातला सांगोला घेतला, आजचा क्रमांक २५३. कारण सांगोल्यात सगळ्या अडचणी एकाच ठिकाणी भेटतात. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख, तालुक्याचे आबासाहेब, इथून ११ वेळा निवडून आले. मध्ये एक पोटनिवडणूक झाली. १९९५ चा निकाल १९२ मतांनी लागला, २०१९ चा ७६८ मतांनी. २००८ च्या पुनर्रचनेत मतदारसंघाला दुसऱ्या तालुक्याचा तुकडा जोडला गेला. आणि २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोन्ही पक्षांचे उमेदवार शेकापच्या उमेदवारासमोर उभे होते. जी सेवा सांगोल्यात टिकेल ती महाराष्ट्रात कुठेही टिकेल.

सांख्यिकी अहवाल: पाया इथेच

सुरुवात ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्ट’पासून करावी. प्रत्येक विधानसभा निवडणुकीचा एक अहवाल असतो. जुने अहवाल एकसंध पीडीएफमध्ये आहेत, अलीकडचे वेगवेगळ्या तक्त्यांच्या फायलींमध्ये. महाराष्ट्रासाठी १९६२, १९६७, १९७२, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा १४ निवडणुका होतात. त्याआधीच्या दोन, १९५१-५२ आणि १९५७ च्या, हव्या असतील तर महाराष्ट्राच्या यादीत शोधत बसू नका. त्या तेव्हाच्या मुंबई राज्याच्या नावाखाली आहेत.

अहवालात बहुतेक जण थेट शेवटचा ‘डिटेल्ड रिझल्ट्स’ हा भाग उघडतात, उमेदवारांची मते लिहून घेतात आणि फाइल बंद करतात. त्याच्या आधीचा ‘कॉन्स्टिट्यूएन्सी डेटा समरी’ हा भाग जास्त मोलाचा आहे. एका मतदारसंघाला एक पान. त्यात किती अर्ज आले, किती बाद झाले, किती मागे घेतले, शेवटी किती जण उभे राहिले, किती जणांचे डिपॉझिट गेले, एकूण मतदार, झालेले मतदान, बाद मते, मतदान केंद्रांची संख्या, मतदानाची तारीख आणि विजयाचे अंतर हे सगळे असते. १९९५ सारख्या निकालाचा अर्थ इथेच लागतो. तेव्हा मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील यांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवले. इतक्या थोड्या अंतराच्या निकालात त्या पानावरचा बाद मतांचा आकडा पाहिल्याशिवाय कुठलेही विधान करू नये. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडला किंवा दोन ठिकाणी उठला की मत बाद होत असे, आणि त्या काळात एका मतदारसंघात अशी मते सहज हजारांत जात. २००४ पासून राज्यात सगळीकडे मतदान यंत्रावर आले. मग हा रकाना बहुतेक टपाली मतांपुरता उरला. १९९५ आणि २०१९ मधली बाद मते शेजारी मांडून ‘मतदार सुज्ञ झाला’ असे लिहिणे म्हणूनच चूक आहे. मतदार तोच आहे, बदलले ते मतदानाचे साधन.

आता नावांची अडचण. अहवाल इंग्रजीत आहेत. सांगोल्याच्या रोमन लिपीतल्या नावाचे शेवटचे अक्षर कधी ‘ए’ असते, कधी ‘ई’. शोधाच्या चौकटीत पूर्ण नाव टाकले तर निम्मे अहवाल ‘सापडले नाही’ म्हणतात. पहिली पाचच अक्षरे टाकावीत. क्रमांकावर तर अजिबात विसंबू नये. १९६२ मध्ये राज्यात २६४ जागा होत्या, १९६७ आणि १९७२ मध्ये २७०, १९७८ पासून २८८. दर पुनर्रचनेत क्रमांक नव्याने लागतात. २००८ मध्ये जागा २८८ च राहिल्या, तरी क्रमांक पुन्हा बदलले. त्यामुळे २००४ चा अमुक क्रमांक आणि २००९ चा तोच क्रमांक हे सहसा दोन वेगळे तालुके निघतात. एक्सेलमध्ये क्रमांकावरून दोन तक्ते जोडणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते, आणि आकडे दिसायला व्यवस्थित असल्याने ती लवकर लक्षातही येत नाही.

उमेदवारांच्या नावांचेही तसेच. काही अहवालांत आडनाव आधी, काहींत शेवटी. कुठे ‘अॅड.’ किंवा ‘डॉ.’ नावाला चिकटलेले, कुठे वडिलांचे नाव गाळलेले. यंत्राच्या हिशेबी तेच गणपतराव चार वेगळी माणसे होतात. १४ निवडणुकांचा तक्ता असेल तर नावे हाताने एकसारखी करून घ्यावीत. तासाभराचे काम आहे, आणि ते टाळले तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

अकरावा विजय कुठे गेला?

या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव इथे आहे.

१४ अहवाल उघडा आणि सांगोल्याचे विजेते एकाखाली एक लिहा. १९६२, १९६७: गणपतराव. १९७२: काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. १९७८, १९८०, १९८५, १९९०: गणपतराव. १९९५: शहाजीबापू पाटील, काँग्रेस. १९९९, २००४, २००९, २०१४: गणपतराव. २०१९: शहाजीबापू पाटील, शिवसेना. २०२४: डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप. आता गणपतरावांचे विजय मोजा. ते १० भरतात.

अहवालात चूक नाही आणि ‘११ वेळा आमदार’ हेही खरेच आहे. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे, आणि सांख्यिकी अहवाल फक्त सार्वत्रिक निवडणुकांचे असतात. १९७२ च्या अहवालात सांगोल्यासमोर काँग्रेस लिहिलेले आहे, ते कायम तसेच राहणार. त्या विधानसभेच्या उरलेल्या काळात सांगोल्याचे प्रतिनिधित्व कोण करत होते हे त्या फाइलमध्ये येत नाही. तळटीप नाही, दुवा नाही. पोटनिवडणुकांचे निकाल आयोगाने वेगळ्या विभागात ठेवले आहेत आणि तिथे राज्य व वर्ष लावून शोधावे लागतात.

याचा परिणाम एका माणसाच्या विजयांच्या मोजणीपुरता राहत नाही. ‘या मतदारसंघात सत्ताधारी पक्षाला किती काळ जागा होती’, ‘पराभूत आमदार किती वर्षांनी परतला’ असली गणिते पोटनिवडणूक सुटली की मुळातच चुकतात. अहवालांवरून पाहिले तर गणपतराव १९७२ ला हरले आणि १९७८ ला परतले, म्हणजे सहा वर्षे बाहेर. प्रत्यक्षात दोन वर्षांत ते सभागृहात होते. पोटनिवडणूक धरली तर ते १३ वेळा लढले आणि ११ वेळा जिंकले. शेकापचा हिशेब केला तर १५ लढतींपैकी १२ विजय.

म्हणून पहिला नियम: कुठल्याही मतदारसंघाच्या १४ ओळी लिहून झाल्या की थांबू नका. प्रत्येक दोन निवडणुकांच्या मधे एक मोकळी ओळ ठेवा आणि आमदाराचे निधन, राजीनामा, अपात्रता किंवा निवडणूक रद्द झाल्याचा न्यायालयीन निकाल यांपैकी काही झाले होते का ते पोटनिवडणुकांच्या यादीत तपासा. विधानमंडळाने प्रसिद्ध केलेल्या सदस्यांच्या याद्यांशी ताडून घेतले तर अधिक बरे.

जाता जाता एक दुरुस्ती. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम गणपतरावांचा, असे मराठीत वारंवार छापले जाते. आयोगाचेच केरळचे निकाल उघडले की दिसते की के. एम. मणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात १३ वेळा निवडून आले. गणपतरावांचे मोठेपण या दुरुस्तीने तसूभरही कमी होत नाही. बहुतेक काळ सत्तेच्या बाहेर राहिलेल्या एका लहान पक्षाच्या तिकिटावर, दुष्काळी तालुक्यातून, पक्ष न बदलता ११ वेळा निवडून येणे ही गोष्टच वेगळी आहे. पण आकडा सांगायचा तर बरोबर सांगावा.

पुनर्रचना: नाव तेच, गावे वेगळी

अहवालांतून न समजणारी दुसरी गोष्ट मतदारसंघाची हद्द. नाव १९६२ पासून सांगोला असले तरी २००९ पासूनच्या सांगोल्यात पूर्ण सांगोला तालुका आणि शिवाय पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ आहे. २००४ आणि २००९ च्या मतांची थेट तुलना केली तर त्यातला काही भाग भाळवणीकडच्या गावांचा असतो, लाटेचा किंवा नाराजीचा नव्हे. लोकसभेचेही तसेच. माढा हा लोकसभा मतदारसंघच २००८ च्या पुनर्रचनेत जन्माला आला, त्यामुळे सांगोल्याची लोकसभेतली मते २००९ च्या मागे माढ्यात शोधून सापडणार नाहीत.

हे तपासण्यासाठी परिसीमन आयोगाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणाऱ्या आयोगाचा, आदेश उघडावा लागतो. त्यात प्रत्येक मतदारसंघासमोर तालुका, महसूल मंडळ आणि नगरपालिका लिहिलेल्या असतात. २००८ चा आदेश स्पष्ट आहे. आधीच्या आदेशांत महसूल मंडळांची तेव्हाची रचना आहे, तिचा आजच्या नकाशाशी मेळ घालायला तहसील कार्यालयातल्या जुन्या गावयाद्या लागतात. व्यवहारात सोपा मार्ग हा: इतिहासाचे तुकडे पाडा. १९६२ ची एक निवडणूक, १९६७-७२ चा एक तुकडा, १९७८ ते २००४ हा सर्वांत लांब, आणि २००९ नंतरचा. टक्क्यांची तुलना एका तुकड्याच्या आत करा. तुकडा ओलांडून तुलना करायचीच असेल तर फक्त विजेता कोण एवढीच करा.

आयोगाने अहवालात मतदारसंघाच्या नावापुढे ‘अमुक आदेशानुसार’ एवढे दोन शब्द छापले असते तरी अर्धा घोटाळा टळला असता.

फॉर्म २०: खरा खजिना, आणि खरी मेहनत

मतदारसंघाच्या बेरजेवरून कुठल्या गावाने काय केले हे कळत नाही. त्यासाठी फॉर्म २० लागतो. मतमोजणी संपल्यावर निवडणूक निर्णय अधिकारी जो अंतिम निकालपत्रकाचा तक्ता तयार करतो तो हा. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, प्रत्येक उमेदवाराचा एक रकाना, मग नोटा, एकूण, आणि शेवटी टपाली मतांची वेगळी ओळ. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे फॉर्म २० जिल्हा आणि मतदारसंघ निवडून मिळतात.

२०१९ चा सांगोल्याचा निकाल घ्या. शहाजीबापू पाटील ९९ हजार ४६४, शेकापचे डॉ. अनिकेत देशमुख ९८ हजार ६९६. फरक ७६८. मतदान केंद्रे तीनशेच्या आसपास धरली तर केंद्रामागे अडीच मतांचा हा फरक. असा निकाल समजून घ्यायला फॉर्म २० शिवाय गत्यंतर नाही. पद्धत अशी ठेवावी:

आधी त्याच वर्षीची मतदान केंद्रांची यादी उतरवून घ्या. फॉर्म २० मध्ये नुसता केंद्राचा क्रमांक असतो, गावाचे नाव नसते. क्रमांकासमोर गाव लिहिल्याशिवाय तक्ता मुका आहे. मग एका गावातली सगळी केंद्रे एकत्र करा, कारण मोठ्या गावात चार-पाच केंद्रे असतात आणि वाड्यावस्त्यांची नावे त्यांत विभागलेली असतात. त्यानंतर गावनिहाय लीड काढा, आणि गावे जिल्हा परिषद गटांत बसवा. एवढे केले की कुठला गट कुणाच्या पाठीशी उभा राहिला ते स्वच्छ दिसते.

इथे चुका कुठे होतात ते नीट सांगायला हवे, कारण बहुतेक बूथनिहाय विश्लेषणे इथेच फसतात.

पहिली गोष्ट, २०१४ चे केंद्र क्रमांक १०० आणि २०१९ चे केंद्र क्रमांक १०० एकच असतील असे धरू नका. दर निवडणुकीआधी केंद्रांचे सुसूत्रीकरण होते. मतदार ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेले की केंद्र दुभंगते किंवा सहायक केंद्र जोडले जाते आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तुलना गावाच्या नावावरूनच करावी.

दुसरी, बहुतेक फॉर्म २० हे सही-शिक्का झालेल्या कागदाचे स्कॅन आहेत. एक्सेलमध्ये उतरवणारे सॉफ्टवेअर ३ आणि ८, १ आणि ७ यांत गोंधळते, पान आडवे असेल तर रकानेच सरकतात. उतरवून झाल्यावर दोन बेरजा कराव्यात: प्रत्येक ओळीची आडवी, आणि प्रत्येक उमेदवाराची उभी. उभी बेरीज टपाली मते मिळवून सांख्यिकी अहवालातल्या आकड्याशी जुळली पाहिजे. ७६८ मतांच्या निकालात एका ओळीत ३ चा ८ झाला आणि तो शतकाच्या जागी असला, तर एकाच चुकीने ५०० मते इकडची तिकडे होतात.

तिसरी, एखाद्या केंद्राच्या ओळीत शून्ये असतील किंवा फॉर्म १७ सी मधले (मतदान केंद्रावरच लिहिलेल्या मतांच्या हिशेबातले) झालेले मतदान आणि फॉर्म २० मधली मोजलेली मते जुळत नसतील तर लगेच घोटाळ्याचा आरोप करू नये. सकाळच्या अभिरूप मतदानाची (मॉक पोलची) मते यंत्रातून पुसायची राहिली तर ते यंत्र मोजणीच्या वेळी बाजूला ठेवतात. विजयाचे अंतर त्या यंत्रातल्या मतांपेक्षा जास्त असेल तर ते मोजलेच जात नाही. कमी असेल तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून निर्णय होतो. फरकाचे कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या नोंदीत असते, संकेतस्थळावर नसते. ते मागवावे, मग बोलावे.

चौथी, टपाली मतांना गाव नसते. सैन्यातले मतदार, निवडणूक कामावरचे कर्मचारी आणि २०२४ मध्ये घरून मत दिलेले ८५ वर्षांवरचे व दिव्यांग मतदार, सगळे एका ओळीत. अंतर थोडे असेल तर ही ओळ निकाल फिरवू शकते. विजयाचे अंतर बाद ठरलेल्या टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती मते पुन्हा तपासण्याचा आयोगाचा नियम त्यासाठीच आहे.

सेवेचा हा भाग तपशिलात श्रीमंत आहे आणि वापरायला अत्यंत त्रासदायक. हेच आकडे अधिकाऱ्यांच्या संगणकात तक्त्याच्या रूपात असतात. ते छापून, सही करून, पुन्हा चित्र म्हणून चढवले जातात. सहीची प्रत हवीच, तिच्याशेजारी एक्सेलची फाइलही ठेवावी.

२०२४ चा निकाल आणि पक्षांची आद्याक्षरे

२०२४ मध्ये डॉ. बाबासाहेब देशमुख यांना १ लाख १६ हजार २५६, शिंदेंच्या शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांना ९० हजार ८७० आणि ठाकरेंच्या शिवसेनेचे दीपकआबा साळुंखे-पाटील यांना ५० हजार ९६२ मते मिळाली. विजय २५ हजार ३८६ मतांचा. २०१४ मध्ये गणपतरावांनी शहाजीबापूंना २५ हजार २२४ मतांनी हरवले होते, म्हणजे दहा वर्षांनी अंतर जवळपास तेवढेच. याच्या शेजारी १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ ठेवा. शहाजीबापूंचे दोन्ही विजय मिळून ९६० मतांचे. सांगोल्यात शेकाप हरतो तेव्हा थोडक्यात हरतो आणि जिंकतो तेव्हा मोठ्या फरकाने, निदान या चार निवडणुकांत तरी.

राज्यभरात त्या निवडणुकीत शेकापची निवडून आलेली ही एकमेव जागा. २०१४ मध्ये अलिबाग, पेण आणि सांगोला अशा तीन होत्या. २०१९ मध्ये एकच, तीही लोह्याची.

मात्र २०२४ च्या तक्त्यातली पक्षांची आद्याक्षरे डोळे उघडे ठेवून वाचावीत. २०१९ मध्ये शिवसेनेसाठी जी आद्याक्षरे होती, तीच २०२४ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या पक्षासाठी आहेत, कारण १७ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयाने आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिले. उद्धव ठाकरे यांच्या पक्षाची आद्याक्षरे वेगळी आहेत. राष्ट्रवादीचेही ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानंतर तसेच. यंत्राने पक्षनिहाय बेरीज केली तर ठाकरेंचा पक्ष २०२४ मध्ये शून्यातून उगवल्यासारखा दिसतो आणि शिवसेनेची मते ‘घटली’ असे छापले जाते. तक्त्यात स्वतःचा एक जादा रकाना करून तिथे ‘फुटीनंतर’ अशी खूण करावी.

आकड्यांत न दिसणारी आणखी एक गोष्ट. शेकाप महाविकास आघाडीच्या बाजूचा पक्ष, तरी दीपकआबा ठाकरेंच्या शिवसेनेकडून उभे होते, आणि २०१९ मध्ये हेच दीपकआबा शहाजीबापूंच्या पाठीशी होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज १ लाख ४१ हजार ८३२ होते, विजेत्यापेक्षा जास्त. ही बेरीज करून ‘मतविभागणीमुळे शेकाप जिंकला’ म्हणणे सोपे आहे, पण ती ५१ हजार मते कुणाची होती, शहाजीबापूंकडून गेलेली की आघाडीची, हे फॉर्म २० मध्ये २०१९ आणि २०२४ ची गावे शेजारी मांडल्यावरच बोलता येते. डिपॉझिटचा हिशेबही इथेच करून पाहावा. एकूण मते २ लाख ६३ हजारांच्या घरात, त्याचा सहावा भाग, म्हणजे डिपॉझिट वाचवायला लागणारी मते, ४४ हजारांच्या आत. म्हणजे दीपकआबांचे डिपॉझिट वाचले. हा सहावा भाग काढताना नोटाची मते वैध मतांत धरायची नसतात. २०१४ पासून नोटा उमेदवारांच्या यादीतच छापले जाते, त्यामुळे ते बेरजेत नकळत मिसळते.

निकालाच्या दिवशीचे संकेतस्थळ, शपथपत्रांचा विभाग यांबद्दल थोडक्यात. निकालाचे थेट पान वेगवान आहे, फेरीनिहाय आकडे देते आणि यंत्रावरची व टपाली मते वेगळी दाखवते. पण पुढची निवडणूक आली की जुनी पाने सहज हाती लागत नाहीत. फेरीनिहाय आकडे हवे असतील तर त्याच आठवड्यात जतन करा, सांख्यिकी अहवालात फेऱ्या नसतात. शपथपत्रे उमेदवाराच्या सहीसकट मिळतात. ती हस्तलिखित असतील तर निवडणूक सुधारणांसाठी काम करणाऱ्या एडीआर संस्थेच्या मायनेता या स्थळावर टंकलेली माहिती असते, पण मालमत्तेचा आकडा वापरण्याआधी मूळ पानाशी ताडून घ्यावा.

पर्याय आणि पूरक

अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचे ‘लोकढाबा’ हे स्थळ आयोगाच्याच निकालांवर उभे आहे, आणि मतदारसंघाच्या इतिहासासाठी मूळ सेवेपेक्षा सोयीचे आहे. १९६२ पासूनचे निकाल एका तक्त्यात उतरतात, पोटनिवडणुकांना वेगळा रकाना आहे, पुनर्रचनेचा क्रमांक दिलेला आहे, आणि उमेदवाराला ओळखक्रमांक असल्याने नावांची घासाघीस वाचते. म्हणजे वर सांगितलेल्या तीन अडचणींवर तिथे उपाय आहे. उणीव अशी की नवी निवडणूक तिथे उशिरा येते आणि बूथनिहाय काही मिळत नाही. कामाची सुरुवात लोकढाब्यापासून करावी, प्रत्येक आकडा छापण्याआधी आयोगाच्या अहवालाशी जुळवावा.

दोन्हींत फरक निघाला तर? सांख्यिकी अहवाल हा निवडणूक अधिकाऱ्यांनी भरलेल्या इंडेक्स कार्डांवरून तयार होतो आणि आयोग स्वतः त्याला अभ्यासासाठीची दुय्यम माहिती मानतो. कायद्याच्या दृष्टीने अंतिम असतात ते वैधानिक फॉर्म, म्हणजे इथे फॉर्म २०. तेव्हा वाद पडला तर फॉर्म २० खरा धरावा.

जुन्या निवडणुकीचा फॉर्म २० संकेतस्थळावर नसेल तर सोलापूरच्या जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज करावा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीसाठी ए-फोर पानाला २ रुपये, उत्तराला ३० दिवस. अर्जात ‘सर्व निकाल’ असे मोघम लिहू नका. निवडणुकीचे वर्ष, मतदारसंघाचा तेव्हाचा क्रमांक आणि नाव, ‘फॉर्म २० ची साक्षांकित प्रत’, आणि त्याच वर्षीची मतदान केंद्रांची यादी असे चार मुद्दे सुटे लिहा. यादी त्याच अर्जात मागायला विसरू नका. नाहीतर हाती नुसते क्रमांक येतात आणि गावांसाठी पुन्हा एक महिना थांबावे लागते.